दुपट्ट्याखालचा सौदा

खुशालरावांना हळू बोलता येत नाही. मनापासून प्रयत्न केला तरी येत नाही. त्यांची बायको रुख्मिणीबाई अजून सांगते, की लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवानं भटजींच्या कानात "अक्षता पुरतीन नं?" असं हळूच विचारलं, तर मांडवामागचा आचारी तांदळाचं पातेलं घेऊन धावत आला. गोष्ट थोडी फुगवलेली असेल. पण ज्यांनी खुशालरावांना एकदा ऐकलं आहे, ते तिच्यावर शंका घेत नाहीत.

हा आवाज म्हणजे त्यांची भाकर. अमरावतीच्या फळबाजारात ते एका अडत्याकडे हर्रास, म्हणजे लिलाव, बोलतात. वरूडकडून संत्र्याच्या गाड्या येतात, ढीग लागतात, व्यापारी गोळा होतात, आणि खुशालराव पांढरा दुपट्टा खांद्यावर टाकून उलट्या क्रेटवर चढतात. "बोला, बोला! वास तर घेऊन पाहा, बापा! तोंडाले पानी नाही सुटलं तं मी मिशी काढतो! एक बार, दो बार..." आणि शेवटी जो "गेलाऽऽ!" निघतो, त्यानं बाजाराबाहेर उभ्या असलेल्या ऑटोवाल्यांना वेळ कळते. घरी आल्यावर हा आवाज कमी करायचं बटण कुठे असतं, ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

देवालाही अधूनमधून गंमत सुचते. त्यानं अशा माणसाच्या घरी शिवमला धाडलं.

शिवम म्हणजे त्यांचा नातू, गोपाल आणि सीमाचा मुलगा. पाच वर्षांचा, कुरळ्या केसांचा, डोळ्यांसमोर स्वतःची बोटं नाचवत तासन्‌तास खूश राहणारा. तो बोलत नाही. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला, तेव्हा घरात आधी रडारड झाली आणि मग सीमाने डोळे पुसून कामाला सुरुवात केली. शिवमला आवाज सोसत नाहीत. मिक्सर, कुकरची शिट्टी, संडासातला फ्लश आणि आजोबा, यांपैकी काहीही सुरू झालं की त्याचे दोन्ही हात कानांवर जायचे. मिक्सर तरी बंद करता यायचा.

पण खरं दुखणं दुसरंच होतं. शिवम शी धरून ठेवायचा. करायची तर डायपरमध्ये, तीही उभ्यानं, कपाटाच्या मागच्या फटीत शिरून. कमोडवर बसवलं की अंग ताठ करून असा किंचाळायचा, जणू विहिरीत सोडलं. एकदा कधीतरी शी घट्ट झाली, त्याला दुखलं, आणि त्या दिवसापासून त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं, की बाहेर सोडायचीच नाही. मग पायाला पाय अडकवून चवड्यांवर उभा राहायचा, घामाघूम व्हायचा. पोट दगडासारखं. डॉक्टरांनी शी मऊ ठेवणारं औषध दिलं आणि सांगितलं, की हे पोर हट्टी नाही, भ्यालेलं आहे. दुखलं की भितं, भ्यालं की धरतं, धरलं की आणखी दुखतं.

शेजारच्या गंगूबाईंचं मत निराळं होतं. "एरंडेल पाजा अन् दोन रट्टे द्या, कसं नाही करत पाह्यतो," असं त्या दारातूनच म्हणाल्या. सीमाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की आपण कढीपत्ता मागायला आलो होतो हे विसरून गंगूबाई तशाच परत गेल्या.

त्या घराला त्या वर्षी दुसरं काही नको होतं. पोराचं पोट न रडता मोकळं व्हावं, आणि कधीतरी त्यानं स्वतः सांगावं की मला लागली आहे, एवढंच. सीमाने लग्न, बारसं, माहेर, सगळीकडे जाणं सोडलं होतं. कुठेही गेलं तरी शिवम भलत्याच जागी पोट धरून आडवा व्हायचा आणि चारचौघी बायका तिलाच शहाणपण शिकवायच्या. हे पाहून खुशालरावांचा जीव तुटायचा. तेही ते मोठ्यानंच सांगायचे.

मग संध्याताई आल्या. स्कुटीवरून यायच्या, पाठीला भलीमोठी सॅक. मुलांच्या थेरपिस्ट. पहिल्याच दिवशी खुशालरावांनी "या ताई, बसा!" म्हणून स्वागत केलं आणि ज्याच्यासाठी ताई आल्या होत्या तो पलंगाखाली गेला. ताई बसल्याच नाहीत. त्या सरळ संडासात गेल्या, उकिडव्या बसून शिवमच्या उंचीवरून सगळं पाहिलं, फ्लश ओढून ऐकला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "मीसुद्धा नसते बसले! गार सीट, लोंबते पाय, खाली खड्डा, अन् मागून बंब सुटल्यासारखा आवाज. त्याच्या जागी राहून पाहा तुम्ही."

त्यांनी बेत आखून दिला. कपाटामागे करतो ना, करू द्या. आता फक्त जागा बदला. आधी डायपर घालून संडासात उभ्यानं. मग डायपर घालूनच झाकणावर बसून. मग झाकण उघडून. पायाखाली स्टूल हवंच, पाय टेकले की जोर लागतो. रोज जेवणानंतर, थोडाच वेळ. फ्लश तो बाहेर गेल्यावर. आणि झाली, की शाबासकी. "पण त्याला आवडेल तशी शाबासकी," ताई म्हणाल्या. "टाळ्या नाही. गलका नाही. ओरडणं तर अजिबातच नाही."

सगळं घर खुशालरावांकडे वळलं.

"माह्याकडे कावून पाहून राहिले?" खुशालरावांनी विचारलं, आणि शिवम पलंगाखालून आणखी आतल्या कोपऱ्यात सरकला.

"तुमाले एकच काम," रुख्मिणीबाईंनी बजावलं. "जेवन झालं का बाहेर निंगून जात जा. बाजारात ओरडा, पानटपरीवर ओरडा, कोठीबी ओरडा."

बेत हळूहळू लागू पडायला लागला. शिवम कपाटामागून निघून संडासाच्या कोपऱ्यात उभा राहायला लागला. मग झाकणावर बसला. मग उघड्या सीटवर, डायपरसकट. पुढची युक्तीही ताईंचीच: डायपरला मागून भोक पाडायचं. अंगावर डायपर आहे म्हणून पोर निर्धास्त, आणि काम कमोडमध्ये. रुख्मिणीबाई चष्मा लावून, जिभेचं टोक बाहेर काढून, बाळंतविड्याचं झबलं बेतावं तशी कात्री चालवायच्या. पहिल्या डायपरला त्यांनी भोक पाडलं ते पुढून. गोपाल हसून हसून लोळला, आणि त्या म्हणाल्या, "तुलेच घालतो मंग हे."

आणि एका सोमवारी, बाजाराला सुट्टी आणि खुशालराव ओसरीवर पेपर वाचत असताना, ते झालं. सीमा संडासातून बाहेर आली. ओठांवर बोट, डोळ्यांत पाणी, आणि दुसऱ्या हाताने इतकी जोरात "झाली, झाली" अशी खूण, की बांगड्या वाजू नयेत म्हणून ती कोपर पोटाशी दाबून धरत होती.

खुशालरावांनी श्वास धरला. खरंच धरला, रुख्मिणीबाईंनी नंतर तेवढी साक्ष त्यांच्या बाजूनं दिली. चेहरा लाल झाला, मिशी थरथरली, पेपर चुरगळला. पण आयुष्यभर ज्या माणसानं पक्क्या झालेल्या गोष्टीवर एकच शब्द म्हटला, त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार?

"गेलाऽऽऽऽ!"

आख्खी गल्ली बाहेर आली. कुणाला वाटलं खुशालरावांनी घर विकलं, कुणाला वाटलं भारत जिंकला. खुशालरावांनी अंगणात उभं राहून काय झालं ते सविस्तर सांगितलं. मग काय विचारता! टाळ्या पडल्या. गंगूबाईंनी थाळी वाजवली. पलीकडच्या पोरांकडे दिवाळीची उरलेली लवंगी माळ होती, तीही उडाली. आनंदाच्या बाबतीत वऱ्हाडी माणूस मागेपुढे पाहत नाही, हे त्याचं भूषण आहे आणि त्या दिवशी तेच नडलं. खुशालराव दुपट्टा हवेत फिरवून नाचत होते. घरातलं कुणीच बाहेर आलेलं नाही, हे त्यांच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

आत शिवम पलंगाखाली होता. दोन्ही हात कानांवर, डोळे गच्च मिटलेले. सीमा जमिनीवर पालथी पडून त्याच्यापर्यंत हात पोचवायचा प्रयत्न करत होती.

त्यानंतर शिवमने संडासाचं दार ओलांडलं नाही. डायपरमध्येही करेना. कपाटामागेही जाईना. उभा राहायचा पायात पाय अडकवून, आणि दिवस जायचे. पोट फुगलं, जेवण सुटलं. शेवटी डॉक्टरांकडे नेऊन मागून औषध द्यावं लागलं, आणि त्या वेळचं त्याचं रडणं ऐकून दवाखान्याच्या बाहेर बसलेल्या खुशालरावांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कानांवर हात ठेवले.

घरी आल्यावर सीमा त्यांच्यासमोर उभी राहिली. सासऱ्याला ती मामाजी म्हणते आणि वर मान करून बोलत नाही. पण त्या दिवशी बोलली. "मामाजी, तुमी वाईट नाही. तुमचा जीव हाय त्याच्यावर, मले मालूम हाय. पण तुमी घरात असले का त्याचं आंग ताठ होते. तुमी असले का तो मोकळा होत नाही."

खुशालरावांनी समोरचं जेवणाचं ताट सरकवलं. शेवटी ते मांजराला घालावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून ते घरी न जाता वलगावला गेले, पुंजाजींकडे. पुंजाजी म्हणजे बैलांच्या सौद्यातले जुने दलाल, खुशालरावांचे तरुणपणापासूनचे दोस्त, आणि तोंडातून शब्द काढायला पैसे पडतात असं समजणारा माणूस. बैलबाजारात भाव चारचौघांत बोलत नाहीत. दुपट्टा टाकतात, त्याच्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट दाबलं की एक हजार, पाचही धरली की पाच. दुपट्टा हलतो तेवढा दिसतो. आत काय चाललंय, ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही म्हणता काही कळत नाही.

खुशालरावांनी पुंजाजींच्या ओट्यावर बसून आपलं दुःख सांगायला सुरुवात केली, तशी गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. आत पुंजाजींच्या बायकोचा, चतुराबाईंचा, दुपारचा डोळा लागला होता, आणि चतुराबाईंना झोपेतून उठवणाऱ्याचं काय होतं हे पुंजाजींना चांगलं माहीत होतं. त्यांनी घाईघाईने दुपट्टा खुशालरावांच्या हातावर टाकला, खाली हात घालून पाचही बोटं गच्च दाबली आणि डोळ्यांनी सांगितलं, गप. खुशालराव दचकून गप झाले. मग जुनी खोड जागी झाली. त्यांनी दोन बोटं दाबली. पुंजाजींनी चार. खुशालरावांनी तीन. कुणाला बैल घ्यायचा नव्हता, कुणाकडे विकायला नव्हता, तरी दोघं म्हातारे ऊन उतरेपर्यंत एका नसलेल्या बैलाची घासाघीस करत बसले. खुशालराव बरेच पुढे गेल्यावर फसले आणि तो बैल महागात घेऊन बसले. परतीच्या ऑटोत त्यांच्या ध्यानात आलं, की आपण सबंध दुपार ओरडलो नाही आणि तरी मन हलकं झालं.

घरी शिवम हॉलच्या थंड फरशीवर पोट टेकून पडला होता. खुशालराव चपला बाहेर काढून, पाऊल न वाजवता आत आले आणि त्याच्यापासून चांगलं अंतर ठेवून भिंतीला टेकून बसले. काही म्हणाले नाहीत. बसताना दुपट्ट्याचं टोक फरशीवर सांडलं. शिवमला कापडाखाली हात घालायला आवडतं. उशीखाली, चादरीखाली, कुठेही. त्यानं तो घातला. खुशालरावांनी थोडी वाट पाहिली आणि खालूनच त्याचं एक बोट दाबलं. हळू नव्हे, सौद्यात दाबतात तसं, पक्कं.

शिवमने हात काढला नाही. तो दुपट्ट्याकडे बघत राहिला. मग आतून त्यानं खुशालरावांचं बोट दाबलं.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सीमाच्या हातातली पळी तशीच राहिली. खुशालरावांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड उघडायला लागलं, तसं त्यांनी दुसऱ्या हातानं ते स्वतःच दाबून धरलं.

संध्याताईंना हे दाखवलं, तेव्हा त्या फरशीवर बसकण मारून हसायला लागल्या. "अहो, त्याला नेमकं हेच हवंय! घट्ट दाब, झाकलेली जागा, आणि आवाज नाही. चला, याचीच भाषा करू." त्यांनी खुणा ठरवून दिल्या. पूर्ण मूठ दाबली की चला संडासात. एक बोट म्हणजे बसायचं. दोन बोटं म्हणजे झालं, उठायचं. सीमाला, रुख्मिणीबाईंना, गोपालला, सगळ्यांना सारख्याच खुणा. आणि एक नियम त्यांनी खुशालरावांना डोळ्यांत डोळे घालून सांगितला: "त्यानं दोन बोटं दाबली की लगेच उठू द्यायचं. तिथं घासाघीस नाही."

आता ज्यानं जन्मभर पहिला भाव कधी कबूल केला नाही, त्याला हे सांगून उपयोग काय?

काही दिवस सीमानेच हात दिला आणि शिवम पुन्हा सीटवर बसायला लागला. पण व्हायचं काही नाही. बसायचा, दोन बोटं दाबायचा, उठायचा. एक दिवस सीमाला ताप होता म्हणून खुशालराव गेले. शिवमच्या मांडीवर दुपट्टा पसरला, पायांखाली स्टूल सरकवलं, आणि समोर बादली पालथी घालून बसले. शिवमने लगेच दोन बोटं दाबली. उठायचं. खुशालरावांच्या बोटांनी डोक्याला न विचारता एक बोट दाबलं.

शिवमने वर पाहिलं. पुन्हा दोन दाबली. खुशालरावांनी एक. दोन. एक. आणि मग खुशालरावांना आपण काय करून बसलो ते कळलं. ताईंचा चेहरा आठवला, सुनेचा आठवला, आणि ते घाईघाईने दोन दाबून पोराला उठवायला निघाले, तर शिवमने एक दाबलं. आणि हसला. पोट हलवून, खांदे उडवून, खदाखदा हसला. खुशालरावांनी दोन दाबली, त्यानं एक. हसता हसता त्याचं सगळं अंग सैल झालं, आणि पोटात इतके दिवस अडवून धरलेला माल खाली उतरला.

खुशालरावांना ओरडायचं होतं. बेंबीच्या देठापासून ओरडायचं होतं. त्यांनी दुपट्ट्याचं दुसरं टोक तोंडात कोंबलं.

त्या दिवशी अंगणात जे झालं, ते पाहणाऱ्यात फक्त गंगूबाई होत्या. शिवमला धुऊन, पुसून, सीमाजवळ तिच्या पांघरुणात सोडून खुशालराव बाहेर आले, रुख्मिणीबाईंच्या दोन्ही हातांना धरलं आणि नाचायला लागले. तोंडानं एक शब्द नाही. चपलासुद्धा काढलेल्या. रुख्मिणीबाई पदर खोचून फुगडीला उभ्या राहिल्या. अंगात ताप असलेली सीमा खिडकीशी येऊन, बांगड्या मनगटात घट्ट सरकवून, आवाज न करता टाळ्या वाजवत होती. गंगूबाईंनी भिंतीवरून डोकं काढलं. साठीच्या पुढची दोन माणसं मुक्यानं गरगर फिरताना पाहून त्यांनी आधी छातीवर हात ठेवला आणि मग लिंबू-मिरच्या आणायला आत पळाल्या.

त्यानंतर ते घर बदललंच. घासाघीस रोजची झाली. ताईंनीही डोळे मोठे करून शेवटी परवानगी दिली, कारण हसताना पोट सैल पडतं हे त्यांना पटलं. भोकाचे डायपर संपले, ते पुन्हा आणले नाहीत. रुख्मिणीबाई आता चहा हवा का, हे दुपट्ट्याखाली विचारायच्या, आणि खुशालराव घासाघीस करून दोन कप मिळवायचे. बाजारात मात्र ते पूर्वीपेक्षा दुप्पट ओरडायचे. घरातलं साठलेलं तिथं निघायचं. संत्र्याला भावही बरा मिळायचा असं शेतकरी म्हणत.

एवढंच राहिलं होतं, की शिवम आपणहून सांगत नव्हता. वेळ झाली की घरचेच त्याला मूठ दाबून न्यायचे आणि तो जायचा. त्यानं स्वतः कधी मूठ दाबली नव्हती. म्हणून घर सोडून कुठे जायची सीमाची अजून छाती होत नव्हती.

तेवढ्यात अकोल्याहून निरोप आला. खुशालरावांच्या धाकट्या भावाच्या मुलीचं, साधनाचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. मोठे काका म्हणून मानाने बोलावलेलं आणि माईकही त्यांच्याच हाती द्यायचा ठरलेला. सीमा म्हणाली, "तुमी सारे जा. मी अन् शिवम राहातो घरी."

खुशालरावांनी दुपट्टा तिच्या हातावर टाकला आणि मूठ दाबली. चला.

"मामाजी, तिथं काही झालं तं?"

त्यांनी पुन्हा मूठ दाबली. सीमा हसली, आणि बॅगेत दुप्पट कपडे भरले.

अकोल्याचा तो हॉल म्हणजे नुसता गजबजाट. डीजेवाला आवाज तपासत होता, पोरं खुर्च्या ओढत होती, आणि पंगतीची घाई झालेले पाहुणे स्वयंपाकाच्या वासाकडे बघत बसले होते. शिवमच्या कानांवर ताईंनी दिलेले मोठे हेडफोन. तो शेवटच्या रांगेत सीमाच्या मांडीवर बोटं नाचवत बसला, आणि खुशालराव स्टेजवर चढले. त्यांना माईक देणं म्हणजे बैलगाडीला इंजिन लावणं. "आता नवरदेवाचे मामा, परतवाड्याचे, ज्यांच्याशिवाय हे कार्य—"

कुणीतरी धोतर ओढलं. खुशालरावांनी खाली पाहिलं.

शिवम होता. एवढ्या गर्दीतून, एवढ्या खुर्च्यांमधून, आईचा हात सोडून आला होता. मागून सीमा धावत येताना दिसत होती. त्यानं आजोबांच्या खांद्यावरून दुपट्टा ओढून खाली घेतला, त्यांच्या हातावर टाकला, खाली आपला हात घातला आणि पाचही बोटं दाबली. गच्च. डोळे दुसरीकडेच, पण मूठ सोडायला तयार नाही.

खुशालरावांनी माईक हातातून टाकला, तो धाडकन स्टेजवर पडला. परतवाड्याचे मामा अर्धे उठून उभे होते, ते तसेच राहिले. खुशालराव नातवाला घेऊन स्टेजवरून उतरले, आणि जी माणसं वाटेत होती त्यांना हातानं बाजूला सारत निघाले. रुख्मिणीबाईंनी ओळखलं. त्यांनी पाण्याच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट उचलला आणि मागून धावल्या, कारण पाय टेकायला काहीतरी लागणारच होतं. सीमा कोरडे कपडे घेऊन धावली. साधना नवरीच्या वेषात उठून विचारत होती, काय झालं, कोणाले काय झालं?

हॉलचा संडास अनोळखी, बल्ब मिणमिणता, दाराची कडी अर्धीच लागणारी. खुशालरावांनी क्रेट सरकवला, दुपट्टा पसरला, समोर बादली पालथी घातली. शिवम बसला. पाय टेकले. त्यानं घासाघीससुद्धा केली नाही. घाईत होता.

झालं.

दाराबाहेर सीमा कानोसा घेत उभी होती. आतून रडणं आलं नाही, धुण्याच्या पाण्याचा आवाज आला, तेव्हा तिला कळलं, आणि ती रुख्मिणीबाईंच्या गळ्यात पडून रडायला लागली. इतकी, की हॉलमधल्या साधनाच्या सासरच्यांना वाटलं साक्षगंध मोडलं.

आत खुशालरावांनी पोराला धुतलं, चड्डी चढवली, आणि उठणार तोच शिवमने पुन्हा त्यांची मूठ दाबली. खुशालराव लगबगीने चड्डी उतरवायला लागले. शिवमने डोकं हलवलं. नको. मग एक बोट दाबलं. मग तीन. मग सगळी. मग पुन्हा एक. खुशालराव बोटं मोजत राहिले, ताईंच्या खुणांत शोधत राहिले, बैलांच्या भावातही शोधून पाहिलं. त्यात काही मागणं नव्हतं. त्याला पाणी नको होतं, आई नको होती, बाहेर जायचं नव्हतं. शिवमच्या चेहऱ्यावर ओठ मुडपून हसू दाबून धरलेलं होतं आणि तो नुसताच बोलत होता.

खुशालराव बादलीवर पुन्हा बसले. बाहेर माईकवरून त्यांच्या नावाच्या हाका चालल्या होत्या, कुणीतरी दारही ठोठावून गेलं. त्यांनी दुपट्टा नीट पसरला, त्याच्याखाली हात घातला आणि दोन बोटं दाबली. शिवमने चार सांगितली.